पोलादाचं नाव नंतर विचारा, आधी धारेमागची जाडी

जानेवारीत लास वेगासला शॉट शो भरतो आणि जूनच्या सुमारास अटलांटाला ब्लेड शो, ही अमेरिकेतली दोन मोठी प्रदर्शनं. पुढे बाजारात येणारे घडीचे चाकू बहुतेक तिथेच पहिल्यांदा काचेखाली दिसतात. नमुना दिसतो, फोटो फिरतात, चाकू मात्र अजून विक्रीला आलेला नसतो. या वेळचे प्रश्न याच मधल्या काळातले आहेत.

प्रश्न (नाशिक) : नवा चाकू जाहीर झाला की पोलाद ‘मॅग्नाकट’ ठरलेलं. त्याच चाकूच्या साध्या पोलादातल्या आवृत्तीपेक्षा किंमत बरीच जास्त. त्यात खरंच एवढं काही आहे का?

आहे. चाकूच्या पोलादात क्रोमियम घालतात ते गंज अडवायला. पण पोलादात कार्बनही असतो आणि क्रोमियमला कार्बनची फार ओढ. दोन्ही मिळून कार्बाइडचे कठीण कण तयार होतात. त्या कणांत अडकलेलं क्रोमियम गंज अडवायच्या कामी येत नाही. शिवाय हे कण जितके मोठे, तितका धारेचा चिवटपणा कमी आणि कपची उडण्याची भीती जास्त.

लॅरिन थॉमस या अमेरिकी धातुशास्त्रज्ञाने इथेच बदल केला. त्याने क्रोमियम 10.7 टक्क्यांवर आणलं आणि सोबत 4 टक्के व्हॅनेडियम व 2 टक्के नायोबियम घातलं. कार्बाइड बनतात ते या दोघांचे : बारीक आणि क्रोमियमच्या कार्बाइडपेक्षा कठीण. क्रोमियम जवळपास सगळं मोकळं राहतं. म्हणून 14 टक्के क्रोमियमच्या एस35व्हीएन या पोलादापेक्षाही हे गंजाला चांगलं तोंड देतं आणि तरीही चिवट राहतं. 2021 मध्ये ते बाजारात आलं. बनवणाऱ्या क्रूसिबल कंपनीने 2024 च्या अखेरीस दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा हे पोलाद संपणार अशी आवई उठली होती. तसं झालं नाही. मालमत्ता एरास्टील या पोलाद कंपनीने घेतली आणि उत्पादन पुढे चालू राहिलं.

आता पैशांचं. हे सगळे गुण भट्टीत आणि पाणी देताना कमावले जातात. मॅग्नाकट कठीणपणाच्या रॉकवेल मापावर साधारण 60 ते 64 पर्यंत नेता येतं. कारखान्याने ते 59-60 वर सोडलं, तर धार टिकण्यात तुम्ही ज्यासाठी पैसे मोजले तो फरक बराचसा गळून जातो. कठीण पातं घासायला वेळ लागतो, घासायचे पट्टे लवकर झिजतात, म्हणून मऊ ठेवण्याचा मोह असतो. जाहिरातीत पोलादाचं नाव ठळक असेल आणि रॉकवेलचा आकडा कुठेच नसेल, तर तो आकडा आधी मागा. आणि रोजचं काम भाजी, दोरी, खोकी एवढंच असेल, तर 14सी28एन पोलादाचा चाकू घ्या. सॅण्डविकचं, म्हणजे आताच्या अलेइमाचं, हे पोलाद गंजत नाही म्हटलं तरी चालेल आणि साध्या दगडावर झटकन धार घेतं. वाचलेल्या पैशांत चांगला धारेचा दगड येईल.

प्रश्न (पुणे) : हातात न घेता, फक्त फोटोवरून नवं डिझाइन कसं जोखायचं?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडला, कारण बहुतेक जण फोटोत मुठीचा रंग बघतात आणि पातं बघायचं राहून जातं.

चाकूने कापणं म्हणजे पाचर घालणं. पाचर किती अरुंद, हे दोन मापांवर ठरतं : पाठीची, म्हणजे धारेसमोरच्या बोथट कडेची जाडी, आणि धारेकडे निमुळता होत जाणारा उतार पाठीपासून सुरू होतो की पात्याच्या मध्यापासून. पाठ 3 मिलिमीटर, पात्याची रुंदी 25 मिलिमीटर आणि उतार थेट पाठीपासून धरा. दोन्ही बाजूंचा मिळून कोन 7 अंशांच्या आत येतो. आता पाठ 4 मिलिमीटर करा आणि उतार धारेपासून फक्त 10 मिलिमीटरवर सुरू करा. कोन 22 अंशांच्या पुढे जातो. पोलाद एकच, पण पहिला चाकू गाजरातून सरळ उतरेल, दुसरा गाजर मध्येच फोडेल. फ्रान्सच्या सव्हॉय प्रांतातला ओपिनेल हा घडीचा चाकू 1890 पासून बनतो आहे. त्याच्या 8 नंबरच्या पात्याची पाठ 2 मिलिमीटरपेक्षाही पातळ आहे, आणि कांदा किंवा सफरचंद कापताना तो कितीतरी महागड्या चाकूंना मागे टाकतो. म्हणून जाहिरातीत पाठीची जाडी दिलेली असते ती वाचाच. धारेच्या लगेच मागची जाडी क्वचित देतात. ती 0.3 ते 0.5 मिलिमीटर असेल तर चाकू कापणारा समजा.

मग फोटो मोठा करून धारेचं मुठीकडचं टोक बघा. तिथे छोटी खाच हवी. नसेल तर दगडावर धार लावताना तो कोपरा दगडाला टेकत नाही आणि दोन-चार वर्षांत तिथे उंचवटा उरतो. बंद चाकूचा फोटो असेल तर पात्याचं टोक मुठीत पूर्ण बुडालंय का ते पाहा. टोक किंचित जरी वर असेल, तर खिशात हात घालताना ते बोटाला लागणार.

संगणकावर काढलेल्या चित्रावर मात्र मत बनवू नका. त्यात उतार नेहमीच सुरेख दिसतो.

प्रश्न (ठाणे) : आडव्या दांडीचं लॉक आता स्वस्त चाकूंमध्येही दिसतंय. विश्वास ठेवावा का?

ठेवावा. यात मुठीतली एक आडवी दांडी उघडं पातं अडवून धरते. बेंचमेड कंपनीने 1998 मध्ये ते ‘ॲक्सिस’ नावाने आणलं. मूळ कल्पना मॅकहेन्री आणि विल्यम्स या जोडीची. पेटंटची मुदत सरली तसे बाकीचे कारखानेही ते बनवू लागले. पातं बंद करताना बोट धारेच्या वाटेत येत नाही आणि डावखुऱ्यांनाही तेवढंच सोपं जातं, हा मोठा फायदा. लायनर लॉकमध्ये, म्हणजे मुठीच्या आतली पातळ पट्टी पातं अडवते त्यात, अंगठा पात्याच्या वाटेतच ठेवावा लागतो. दुबळी बाजू म्हणजे दांडीला ताण देणाऱ्या दोन बारीक तारेच्या स्प्रिंगा. त्या कधीतरी तुटतात. एक तुटली तरी दुसरीवर लॉक बहुधा चालतं, पण सुट्या स्प्रिंगा मिळणार का, हे घेण्याआधीच विक्रेत्याला विचारा.

प्रश्न (रत्नागिरी) : आमच्याकडे पावसाळ्यात सगळंच गंजतं. कोणतं पोलाद, कोणती मूठ?

डी2 हे पोलाद टाळा. त्यात क्रोमियम 12 टक्क्यांच्या आसपास असलं तरी बरंचसं कार्बाइडमध्ये अडकलेलं असतं. खाऱ्या हवेत दोन दिवस न पुसता राहिलं की पात्यावर लालसर ठिपके उठतात. नायट्रोजनवर बेतलेलं एलसी200एन समुद्रकाठी उत्तम. मॅग्नाकटही चालेल. ओपिनेल मला प्रिय आहे, पण त्याची बीच झाडाच्या लाकडाची मूठ ओल पिऊन फुगते आणि पातं आतच अडकून बसतं. तुमच्याकडे जुलैत हे होणारच.

मुठीसाठी जी10 घ्या. काचेचं कापड आणि इपॉक्सीचे थर दाबून ते बनतं, पाणी पीत नाही आणि ओल्या हातातून सटकत नाही. टायटॅनियम गंजत नाही, पण गुळगुळीत मूठ मासे साफ करताना हातात ठरत नाही. सध्या कौतुक चाललेला कार्बन फायबर दिसायला देखणा आणि हलका आहे, पण ओल्या हातासाठी जी10 पेक्षा सरस नाही. पातं ज्यावर फिरतं त्या पिव्हटला बेअरिंगपेक्षा फॉस्फर ब्राँझचे साधे वॉशर बरे, कारण वाळूचा कण बेअरिंगमध्ये शिरला की पातं करकरतं.

प्रश्न (लंडन) : मी मूळचा सांगलीचा. इथे आणि सुट्टीत सह्याद्रीत ट्रेकला, दोन्हीकडे चालेल असा नवा चाकू कोणता?

ब्रिटनमध्ये योग्य कारणाशिवाय जवळ बाळगायचा तर घडीचा, लॉक नसलेला आणि धार 3 इंचांपर्यंतचा, हीच चौकट. म्हणून तुमच्यासाठी लॉकच्या सगळ्या नव्या करामती बाद. फक्त स्प्रिंगच्या दाबावर उघडा राहणारा चाकू बघा. स्पायडर्कोचा ‘यूके पेननाइफ’ याच कायद्यापायी जन्मला. भारतात शस्त्र नियमांमधलं 9 इंच लांबी आणि 2 इंच रुंदीचं माप घडीच्या चाकूपासून दूर आहे. पण महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 खाली जमावबंदीचे आदेश निघतात तेव्हा चाकू जवळ बाळगण्यावरही बंदी घालता येते. ट्रेकला निघण्याआधी त्या जिल्ह्यात आदेश लागू आहे का ते बघा आणि चाकू कमरेला न लावता सॅकच्या तळाशी ठेवा. विमानात तो चेक-इनच्या बॅगेतच. कायदे कडक होत चालल्याने व्हिक्टोरिनॉक्सनेही 2024 मध्ये पात्याशिवायच्या खिशातल्या अवजारावर काम चालू असल्याचं सांगितलं.

प्रश्न (नागपूर) : आवडलेल्या चाकूचं आगाऊ बुकिंग सुरू झालंय. करू का?

पहिल्या खेपेसाठी नको. पातं मध्यभागी न बसणं, लॉक चिकटणं हे दोष बहुधा पहिल्या खेपेत निघतात आणि दुसऱ्या खेपेपर्यंत दुरुस्त होतात. तोवर ज्यांनी घेतला त्यांनी धार एकदा तरी स्वतः लावलेली असेल. कारखान्याची धार उतरल्यावर चाकू कसा कापतो, हे त्यांना विचारा आणि मग पैसे भरा.