पॉवर स्टिअरिंगचं तेल सारखं उतरतंय, पाइप बदलूनही गळती थांबेना. घरी काय तपासू?

पाइप नवा आहे, तरी गळतंय, म्हणजे तेल दुसरीकडूनही जात असणार. इंजिन थंड असताना स्टिअरिंग तेलाची टाकी, पंप, पाइप कोरडे पुसा, खाली पुठ्ठा अंथरा. मग घरातल्या कुणाला तरी गाडी चालू करून स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवायला सांगा (टोकाला पाच सेकंदांहून जास्त धरू नये, पंप तापतो) आणि टॉर्चच्या उजेडात बघा. प्रेशरच्या पाइपवरून हात फिरवू नका, बारीक धार कातडीत घुसते.

परतीच्या पाइपची क्लिप सैल असेल तर काम सोपं. पुलीच्या मागे ओल असेल तर पंपाचं सील (तेल अडवणारी रबरी कडी) गेलंय.

पण खानापूर, चोर्ला घाट अशा भरपूर पावसाच्या भागातल्या गाड्यांचे रॅकचे (स्टिअरिंगची हालचाल चाकांपर्यंत नेणारा भाग) रबरी बूट, म्हणजे त्याच्या दोन्ही टोकांची घड्यांची आवरणं, आधी दाबून बघा. आत तेल खळखळलं तर रॅकचं सील गेलं. फाटक्या बुटातून पावसाचं पाणी, चिखल आत शिरतो, रॅकच्या दांड्याला गंज चढतो आणि तो गंज नवं सीलही कापतो. म्हणून नुसतं सील बदलून घेऊ नका, दांडा गुळगुळीत आहे का ते मेस्त्रींना समोर दाखवायला सांगा.

तोवर झाकणावर लिहिलेलंच तेल घाला. ब्रेक ऑइल अजिबात नको, त्याने सगळी सीलं फुगतात.