डाव्या हाताला काम नव्हतं

प्रश्न : ताई, आमचं गाव सुळेभावीजवळ. मुलगी चौदा वर्षांची. सातव्या वर्षापासून पेटी शिकली, दोन वर्षं कीबोर्ड वाजवते. आता मोबाइलवर ऐकून जॅझ गाते. माझे सासरे भजनाला पेटी धरतात. "कुमार गंधर्वांच्या गावाशेजारी राहून हे काय गं गायलीस?" म्हणतात. बोटांतली विद्या जाईल का? तुम्ही पेटीवरून पियानोवर आणि तिथून गाण्यावर कशा आलात?
— एक आई, बेळगाव तालुका

उत्तर : आधी आजोबांचं बघू. कुमारजी १९२४ साली सुळेभावीत जन्मले खरे, पण पुढे देवासला राहून त्यांनी माळव्याची लोकगीतं कान देऊन ऐकली आणि त्या धुनांतून नवे राग उभे केले. परमुलखातलं ऐकून त्यांचं काही बिघडलं नाही, एवढं आजोबांना जेवण झाल्यावर सांगा. जेवणाआधी नको.

आता माझं. मी बेळगावातल्या शहापूरची. पेटीवादक रामभाऊ विजापुऱ्यांच्या या गावात पोरीला पेटीला बसवणं यात काही नवल नव्हतं. पियानो मात्र मी अकराव्या वर्षी पाहिला, कॅम्पातल्या एका मिसच्या घरी. पहिल्याच दिवशी ऐटीत भूप वाजवला. उजव्या हातानं. मिस हसत सुटल्या, कारण माझा डावा हात हवेत मागं-पुढं करत होता. भाता मारायची सवय! पुढचे सहा महिने तो हात मांडीवरच पडून असायचा. उजवा पळतोय आणि डाव्याला काम नाही. मग लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या पियानोच्या परीक्षा दिल्या, दोन्ही हात चालू लागले, पण गळा बंदच. वाजवणाऱ्यानं गायचं नसतं, असं आमच्याकडं कुणी न सांगताच ठरलेलं असतं.

गायला लागले ती पावसामुळं. कॅम्पात एका लग्नाच्या रिसेप्शनला मी पियानोवर होते. गोव्याहून येणारी गायिका चोर्ला घाटात अडकली. यजमान हात जोडून उभे, म्हणून मीच 'ऑटम लीव्हज' हे जॅझमधलं गाणं सुरू केलं. शब्द पाठ होते, सूर बरोबर होते, आणि तरी गाणं काही उभं राहीना. डबल बास, म्हणजे ते उभं धरायचं मोठं तंतुवाद्य, वाजवणारे म्हातारे गोंयकार अंकल वाकून हळूच म्हणाले, "बाय, तुजे हात खूब उलयतात." तुझे हात फार बोलतात.

अगदी बरोबर. गायिकेच्या प्रत्येक शब्दामागं मी पेटीवाल्यासारखी धावत होते, आणि गायिका मीच होते! अंकलनी उपाय सांगितला. उजवा हात उचल. डाव्यानं कॉर्डचे, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुडीतले, दोनच सूर धर, तिसरा आणि सातवा. खालचा सूर बासवर मी सांभाळतो. झालं. एके काळी बिनकामाचा म्हणून ज्याला शिव्या खाव्या लागल्या, त्याच हातावर माझं गाणं आजही उभं आहे. उजवा फक्त मी श्वास घेते तेव्हा बोलतो.

तेव्हा विद्या जाणार नाही. पेटी शिकलेल्या मुलीला तर काही गोष्टी आयत्याच मिळतात. जॅझच्या या गाण्यांपैकी बरीचशी ३२ बारची असतात. चार मात्रांचा एक बार, म्हणजे १२८ मात्रांचं एक आवर्तन समजा. ते संपलं की परत पहिल्यापासून, आणि मधे वाजवणारा आपल्या मनानं विस्तार करतो. हे तिला शिकवावं लागणार नाही. टाळीचं मात्र शिकवा. भजनात पहिल्या मात्रेवर जोर, इथं दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. आजोबांना समोर बसवून टाळ धरायला लावा, निदान भांडण तालातलं होईल. आणि पुस्तकात छापलेल्या पट्टीला चिकटू नका. आपल्या बोलण्याच्या आवाजाजवळची, खालची पट्टी घ्या. काळी चारची पांढरी एक करायला पेटीवाल्याला कोण शिकवणार?

घरच्या विरोधाचं म्हणाल तर गायिका नीना सिमोन आठवते. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनाची, मूळ नाव युनिस वेमन. लहानपणी चर्चमध्ये वाजवायची, पुढं शास्त्रीय पियानो शिकली. १९५४ साली अटलांटिक सिटीच्या एका बारमध्ये पियानो वाजवायला लागली, तर मालक म्हणाला, गायचंही, नाहीतर काम नाही. आई मेथडिस्ट चर्चमध्ये प्रवचन करणारी. तिला कळू नये म्हणून बाईनं नावच बदललं. तुमच्या लेकीनं निदान लपवलं तरी नाही.

प्रश्न : जुना पियानो मिळाला आहे. जुलैत पट्ट्या दाबल्या की खालीच बसतात. विकून टाकू का?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : खानापूरच्या पावसात माणसं फुगतात, लाकडाचं काय घेऊन बसलात. खालच्या फळीआड पंचवीस वॉटचा जुना पिवळा बल्ब लावा, लाकडाला आणि नमद्याला टेकणार नाही असा, आणि पावसाळाभर चालू ठेवा. माझा तसाच टिकला आहे. सूर लावून घ्यायची घाई आत्ता करू नका, दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की लावा. जुलैत लावलेला सूर तोवर पुन्हा उतरतो आणि पैसे दोनदा जातात. माझे गेलेत.