गटविजेता असूनही बढती नाही: जर्मनीच्या चौथ्या स्तराचा गुंता

जर्मन फुटबॉलमध्ये चौथ्या स्तरावरील रेगिओनाललीगाचा (प्रदेशवार गटांत खेळल्या जाणाऱ्या लीगचा) गट जिंकूनही एखाद्या संघाला तिसऱ्या लीगमध्ये थेट प्रवेश का मिळत नाही, असा आपला प्रश्न आहे. याचे थेट उत्तर अंकगणितात आहे: गट पाच आणि बढतीच्या जागा चार. मात्र ही विसंगती का टिकून राहिली, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

इंग्लंडमध्ये लीग पद्धत 1888 मध्येच सुरू झाली. जर्मनीत मात्र 1963 पर्यंत संपूर्ण देशाची अशी लीगच नव्हती. पश्चिम जर्मनीत पाच प्रादेशिक ओबरलीगा चालत आणि त्यांतले अग्रगण्य संघ अखेरीस राष्ट्रीय विजेतेपदासाठी झुंजत. 1962 च्या विश्वचषकात उपांत्यपूर्व फेरीत युगोस्लाव्हियाकडून पराभव झाल्यावर बदलाच्या मागणीला बळ मिळाले आणि त्याच वर्षी डॉर्टमुंड येथील अधिवेशनात बुंडेसलीगाचा, म्हणजे पहिल्या स्तराच्या राष्ट्रीय लीगचा, निर्णय झाला. पहिल्या 16 जागांची वाटणीसुद्धा प्रदेशवारच झाली: दक्षिण आणि पश्चिम प्रत्येकी 5, उत्तर 3, नैर्ऋत्य 2 आणि बर्लिन 1. बायर्न म्युनिकला तेव्हा जागा मिळाली नाही, कारण त्या शहरातून ‘1860 म्युनिक’ नावाचा दुसरा संघ निवडला गेला. आज हे सांगितले की नव्या चाहत्यांचा विश्वास बसत नाही.

थोडक्यात, राष्ट्रीय लीग नंतर आली आणि प्रदेश आधीपासून होते. दुसरा स्तरही 1974 मध्ये उत्तर आणि दक्षिण अशा दोन गटांत सुरू झाला आणि 1981 मध्ये एकत्र झाला. पूर्व आणि पश्चिम जर्मनीच्या एकीकरणानंतर 1991 मध्ये हान्सा रोस्टॉक आणि डायनॅमो ड्रेस्डेन हे पूर्वेकडचे दोन संघ बुंडेसलीगात घेतले गेले, सहा संघ दुसऱ्या स्तरावर आले, आणि त्या एका हंगामापुरता दुसरा स्तर पुन्हा दोन गटांत विभागावा लागला.

2008 मध्ये 20 संघांची एकसंध तिसरी लीग सुरू झाली. तेव्हा रेगिओनाललीगाचे गट तीनच होते आणि तिन्ही विजेते थेट वर जात. ही व्यवस्था माझ्या मते निर्दोष होती, पण लहान क्लबांना लांबचे प्रवास आणि त्यांचा खर्च परवडेना. 2012 मध्ये गट पाच झाले, बढतीच्या जागा मात्र तीनच राहिल्या, त्यामुळे विजेत्यांनाही प्लेऑफ, म्हणजे बढती ठरवणारे जादा सामने, खेळावे लागले. हंगामभर मिळवलेले यश दोन सामन्यांत पणाला लागणे अन्यायकारक आहे, ही टीका मला पूर्णपणे पटते. पुढे तिसऱ्या लीगमधून खाली येणाऱ्या संघांची संख्या चार करून बढतीच्या जागाही चार करण्यात आल्या. पश्चिम आणि नैर्ऋत्य गटांचे विजेते थेट वर जातात. उत्तर, ईशान्य आणि बायर्न (बव्हेरिया राज्य) या गटांच्या विजेत्यांपैकी एकाला आळीपाळीने थेट प्रवेश मिळतो आणि उरलेले दोघे चौथ्या जागेसाठी लढतात.

गट चार केले की प्रश्न मिटेल, हे कागदावर खरे आहे. पण मग कोणता प्रदेश तोडायचा? बायर्नचा गट एका राज्याचा आहे, तर ईशान्येच्या गटात बर्लिन आणि जुन्या पूर्व जर्मनीतील क्लब एकत्र खेळतात. या दोघांपैकी कोणाच्याही सीमा हलवायच्या म्हटल्या, तरी त्या प्रादेशिक संघटनेची संमती लागते.