नजर देत नाही, की ‘पुरे’ म्हणतंय?

“साडेतीन महिन्यांचा झाला, पण माझ्याकडे बघतच नाही. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं कार्ड धरलं की तोंड फिरवतो. मेंदूत काही राहिलंय का हो मॅडम?” दिवस न भरता झालेल्या बाळांच्या आया हा प्रश्न फार विचारतात. हे बाळ ३०व्या आठवड्यात जन्मलेलं, १२५० ग्रॅमचं.

आधी वयाचा हिशेब मांडला. जन्माला १४ आठवडे झाले, पण दिवस भरायला १० आठवडे कमी होते. ते वजा केले की करेक्टेड वय उरतं ४ आठवडे. या वयात नजर क्षणभर ठरते आणि सुटते. ओळखीचं हसू साधारण ६ ते ८ आठवड्यांना येतं, तेही करेक्टेड वयानेच मोजायचं. जावेच्या पूर्ण दिवसांच्या मुलाशी तुलना इथेच चुकत होती.

सोबत व्हीईपीचा रिपोर्ट होता. या तपासणीत डोक्याच्या मागच्या बाजूला तारा चिकटवतात, डोळ्यांसमोर प्रकाश चमकवतात आणि मेंदूत लहर किती वेळाने उमटते ते मोजतात. मोठ्या माणसात मुख्य लहर सुमारे १०० ते १२० मिलिसेकंदांनी येते. बाळाचा आकडा होता १९०, आणि घरात ‘दुप्पट उशीर’ म्हणून रडारड झालेली. पण डोळ्याच्या नसेवर मायलिनचं, म्हणजे निरोप वेगाने नेणारं स्निग्ध वेष्टण अजून चढायचं असतं, म्हणून निरोप सावकाश पोचतो. दिवस भरत येतात तशी २०० मिलिसेकंदांच्या आसपासची लहर तयार होते आणि पुढच्या काही महिन्यांत ती अलीकडे सरकते. बाळाच्या वयाला १९० हा आकडा साजेसाच होता.

मग घरी काय करता ते दाखवायला सांगितलं. वडिलांनी मोबाइलवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा व्हिडिओ लावून तोंडाजवळ धरला, आईने खुळखुळा वाजवला. बाळाने दोनतीन सेकंद पाहिलं. हाताची बोटं ताठ फाकली, जांभई आली, उचकी लागली, मान वळली. “बघा, फिरवलं की नाही?” फिरवलं खरं, पण पाहून झाल्यावर. एका वेळी इतकं सगळं त्याला पेलत नाही, आणि थांबवायला मान वळवण्याखेरीज त्याच्याकडे दुसरा उपाय नाही.

मोबाइल आणि खुळखुळा बंद केला. बाळ जागं, शांत, ना भुकेलेलं ना नुकतंच दूध प्यायलेलं, अशी वेळ निवडायची. मान मधोमध आधार देऊन धरायची. उजेड आईच्या चेहऱ्यावर पडावा, बाळाच्या डोळ्यांत नाही. अंतर २० ते २५ सेंटीमीटर, म्हणजे अंगावर पाजताना असतं तेवढंच. आधी न बोलता फक्त चेहरा, कारण केसांची कड आणि कपाळावरची गडद टिकली त्याला पटकन दिसते. नजर ठरायला पाचदहा सेकंद द्यायची, मग चेहरा वीतभर सावकाश बाजूला न्यायचा. कार्ड हवंच असेल तर रुंद पट्ट्यांचं, एकच, तेही चेहऱ्याऐवजी नाही. बोटं फाकली, उचकी लागली की थांबायचं. दोन मिनिटं भरपूर झाली. काजळ नको.

खरी काळजीची गोष्ट फाइलमध्ये सापडली. आठव्या आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी लिहिलं होतं: डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या कडेपर्यंत पोचलेल्या नाहीत, दोन आठवड्यांनी दाखवा. बाळाला सर्दी झाली आणि ते राहून गेलं. व्हीईपी झाली म्हणजे डोळे तपासले, अशीही समजूत होती. तसं नाही. आरओपी हा दिवस न भरलेल्या बाळांत या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढण्याचा पडद्याचा आजार बाहुली मोठी करूनच बघावा लागतो. ३४ आठवड्यांच्या आत किंवा २००० ग्रॅमखाली जन्मलेल्या बाळाची पहिली तपासणी ३० दिवसांच्या आत आणि त्याहून लहान, २८ आठवड्यांच्या आतल्या बाळाची दोनतीन आठवड्यांतच व्हायला हवी. ही मुदत जन्मतारखेपासूनच मोजायची. आणि डॉक्टर ‘आता पुरे’ म्हणेपर्यंत फेऱ्या चुकवायच्या नाहीत. आई-बाळाला त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. सुदैवाने रक्तवाहिन्या कडेपर्यंत पोचल्या होत्या.

करेक्टेड दोन महिन्यांनंतरही चेहऱ्यावर नजर ठरत नसेल, बुबुळं सतत भिरभिरत असतील, बाहुलीत पांढरं दिसत असेल, तर वाट न बघता दाखवायचं. पांढऱ्या बाहुलीला तर वयाचा हिशेबही लावायचा नाही.

तीन आठवड्यांनी बाळाच्या आई वही घेऊन आल्या. सकाळच्या नोंदी होत्या: “६ सेकंद, जांभई, थांबले.” “१२ सेकंद, टिकलीकडे.” शेवटची आदल्या दिवशीची: “टिकलीवरून डोळ्यांकडे आला. मोजायचं विसरले.”