आजोबांच्या ट्रंकेत सापडलेली लष्करी दुर्बीण स्नायपरची असेल का? साफ कशी करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजोबा दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीत होते. त्यांच्या ट्रंकेत कातडं मढवलेली, एकात एक शिरणाऱ्या तीन नळ्यांची दुर्बीण मिळाली. वर काहीतरी कोरलंय, आत धुरकट दिसतं, पितळ काळं पडलंय. ती स्नायपरची, म्हणजे लपून लांबून नेम धरणाऱ्या सैनिकाची का, आणि पितांबरीने घासली तर चालेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, नाहीतर हे वाचून होईपर्यंत घरात कुणीतरी घासून मोकळं होईल. पितांबरी नको, चिंच नको, लिंबू-राख तर नकोच. ते काळं पडलेलं पितळ बहुधा मळलेलं नाहीच. उन्हात चकाकून जागा उघडी पडू नये म्हणून लष्करी दुर्बिणींच्या पितळेला मुद्दाम काळपट-तपकिरी झिलई देत. ती एकदा निघाली की परत येत नाही, आणि घासताना कोरलेली अक्षरंही बुजतात.

आता ती अक्षरं. भिंगातून नीट वाचा. इंग्रजीत ‘टेल. एससीटी. आरईजीटी.’ (TEL. SCT. REGT.) आणि पुढे ‘मार्क टू एस’ (MK II S) असं असेल तर ती ब्रिटिश सैन्याची ‘टेलिस्कोप, स्काउट रेजिमेंट’. वीस पट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग साधारण ५० मिलिमीटरचं, मिटवली की वीतभरापेक्षा थोडी मोठी, उघडली की पाऊण मीटरच्या आसपास. सोबत ‘ओ.एस.’ आणि आकडा असतो, तो सरकारी भांडारातला क्रमांक. बनवणाऱ्याची आद्याक्षरं असतात: ‘एच.सी.आर. अँड सन’ म्हणजे रायलंड, ‘बी.सी. अँड को.’ म्हणजे ब्रॉडहर्स्ट क्लार्कसन. आर. अँड जे. बेक यांचं नावही दिसतं. आणि बाणाच्या टोकासारखी तीन रेघांची खूण शोधा, ती ब्रिटिश सरकारी मालकीची. त्या बाणाखाली इंग्रजी ‘आय’ असेल तर नग हिंदुस्थान सरकारच्या खात्यावरचा, आणि तुमच्या आजोबांच्या गोष्टीशी तो नीट जुळतो.

‘स्नायपरची’ हा शब्द मात्र जरा सैल आहे. बंदुकीवर बसते ती वेगळी, छोटी आणि कमी ताकदीची. ही हातातली दुर्बीण जोडीतल्या निरीक्षकाची: एक जण नेम धरतो, दुसरा शोधतो, वारा सांगतो, गोळी कुठे पडली ते सांगतो. पण हीच दुर्बीण साध्या टेहळणीलाही वापरत, त्यामुळे नुसत्या दुर्बिणीवरून आजोबा स्नायपर होते असं मी म्हणणार नाही. ते त्यांच्या सेवेच्या कागदांतूनच कळेल.

दुर्बिणीने टेहळायची ही पद्धत ब्रिटिश सैन्यात शिरली ती मुख्यतः स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या शिकाऱ्यांकडून. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धासाठी लॉर्ड लोवॅट यांनी १९०० मध्ये ‘लोवॅट स्काउट्स’ उभे केले. त्यातले बरेच जण हरणांच्या शिकारीतले वाटाडे, दिवसदिवस डोंगर न्याहाळण्यात आयुष्य गेलेले. पहिल्या महायुद्धात मेजर हेस्केथ-प्रिचर्ड यांनी १९१६ मध्ये फ्रान्समधल्या लिंगेम इथे स्नायपिंगची शाळा काढली, तिथेही निशाण्याइतकंच महत्त्व निरीक्षणाला होतं. (अमेरिकनांची याच कामाची एम-४९ दुर्बीण सुद्धा वीस पटच, पण तिच्या आत प्रिझम, म्हणजे प्रकाश वळवणाऱ्या काचा असतात. ती कधी हाती लागली तर घरी उघडू नका.)

आजोबांच्या ट्रंकेतली म्हणजे खोटी असण्याची शक्यता कमी, तरी खात्री करून घ्या, कारण या दुर्बिणींच्या नकला आपल्याकडे ढिगाने आहेत. उत्तराखंडातल्या रुडकीला जमीनमोजणीची उपकरणं बनवण्याचा जुना धंदा, तिथून पितळी शोभेच्या दुर्बिणीही निघतात. पुण्याच्या जुन्या बाजारात आणि मुंबईच्या चोर बाजारात ‘कारखान्यातून मिळालेला मिलिटरी माल’ म्हणून मला त्या कितीदा दाखवल्या आहेत. ‘केल्विन अँड ह्यूज, लंडन, १९१७’ कोरलेली दिसली की मी हसून पुढे जातो. केल्विन आणि ह्यूज या कंपन्या एकत्र आल्याच १९४७ मध्ये!

घरच्या घरी एक चाचणी करता येते. पुढच्या भिंगात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पाहा. अस्सल दुर्बिणीत पुढे दोन वेगळ्या काचांची जोडी असते, रंगांच्या कडा येऊ नयेत म्हणून. ती चिकटवलेली असेल तर दोन ठळक प्रतिबिंबं आणि मध्ये एक अगदी पुसट तिसरं दिसतं. मध्ये हवेची फट असेल तर चार. नुसती दोन दिसली तर भिंग एकेरी आहे, आणि मग त्या दुर्बिणीतून विजेची तार बघा: तिच्या कडेला जांभळी-पिवळी झालर दिसेल.

आता धुरकटपणा. मागून टॉर्च मारून पुढून तिरकं पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी. कडेपासून आत येणारे इंद्रधनुषी किंवा पिवळट डाग दिसले तर दोन काचांमधला कॅनडा बाल्सम, म्हणजे त्यांना जोडणारा पारदर्शक डिंक, सुटतोय. बुरशी तुम्ही काढू शकता. बाल्सम नाही, तो जाणकाराकडेच द्या. गरम पाणी, ॲसिटोन, थिनर यांपैकी काहीही त्या जोडीजवळ नेऊ नका.

उघडताना पक्कड वापरू नका. रबरी हातमोजा किंवा बरणीचं झाकण उघडायचं रबर घ्या, दोन्ही हातांनी सरळ, सावकाश पिळा. आटे अडले तर जोर करण्याऐवजी एक दिवस थांबा. डोळ्याकडच्या सर्वांत बारीक नळीत दोन्ही टोकांना भिंगांच्या जोड्या असतात: एक डोळ्याची, एक उलटं चित्र सुलट करणारी. प्रत्येक भिंग काढण्याआधी फोटो काढा आणि काचेच्या बाजूच्या कडेवर पेन्सिलीने, बघायच्या वस्तूकडे तोंड करणारा बाण करा. मी पहिल्याच दुर्बिणीत हे केलं नव्हतं. एक भिंग उलटं बसलं आणि तीन रविवार मी ‘बुरशीने काच खाल्ली’ म्हणून हळहळत होतो. पुढची जोडी शक्यतो तिच्या कड्यातून काढूच नका, बाहेरून पुसा.

पुसायचं म्हणजे आधी हवा मारायच्या रबरी फुग्याने धूळ उडवायची, मग मऊ ब्रश, आणि मगच लेन्स टिश्यूवर दोन थेंब आयसोप्रोपिल अल्कोहोल, मधून कडेकडे, प्रत्येक वेळी नवा टिश्यू. धोतराचं मऊ फडकं, फुंकर मारून शर्टाचं टोक, हे चष्म्यासाठी ठीक. काचेवर निळसर-जांभळी झाक असेल तर वर लेप आहे, तिथे आणखी हलक्या हाताने. धागे गेल्यावरही काचेवर रेषा उरल्या तर बुरशीने काच कोरली आहे. तसंच राहू द्या, चित्र थोडं फिकं येईल, एवढंच.

नळ्यांना तेल घालू नका. धूळ धरतं आणि त्याची वाफ भिंगांवर बसते. कोरड्या सुती कापडाने पुसा. नळी सैल होऊन आपोआप घसरत असेल तर कॉलरमधल्या (नळीच्या तोंडाशी असलेल्या कड्यातल्या) कापलेल्या पितळी पाकळ्या बोटाने किंचित आत दाबायच्या, किंचितच.

कातड्याखाली किंवा शिवणीत हिरवा थर दिसेल. पितळेच्या भांड्यात ताक कळकतं, तसाच प्रकार: कातड्यातली चरबी आणि पितळ यांची गाठ पडली की हिरवा कळंक धरतो. दातकोरणीच्या लाकडाने खरवडून काढा. कातड्याला तेल पाजू नका, त्याने हिरवा थर वाढतोच. आणि ठेवताना मूळ कातडी पिशवीत ठेवू नका, ती ओल धरते. हवाबंद डबा, ओल शोषणारे सिलिका जेलचे दाणे, आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा जेल वाळवून परत. तुम्ही कोकणात राहत असाल तर पंधरा दिवसांनी.

सगळं झाल्यावर गच्चीवर जा, पण सूर्याच्या आसपासही नेऊ नका. वीस पट म्हणजे हातात धरून चित्र नाचणारच. स्कॉटलंडचे ते शिकारी पाठ टेकून बसत आणि गुडघ्यावर किंवा काठीवर नळी टेकवत. तुम्ही कठड्यावर उशी ठेवा. सकाळी लवकर पाहा. दहा-अकरानंतर उन्हाने चित्र पाण्यासारखं हलायला लागेल, तो दुर्बिणीचा दोष नव्हे. निरीक्षक वारा त्यावरूनच ओळखतो: लक्ष्याच्या थोडं अलीकडे फोकस करायचा, लहरी ज्या बाजूला वाहतात तिकडे वारा, आणि सरळ वर उकळताना दिसल्या तर आडवा वारा नाही.