ऑनलाइन पोकरमधील खेळाडूंचे संगनमत पकडता येते का?

येते, पण एखाद्या डावावरून नव्हे. एका टेबलावरचे दोन साथीदार फोनवर एकमेकांना पाने सांगतात, तेवढ्यानेही गणित बदलते: शेवटच्या पानापूर्वी चार बदाम जुळलेल्याला हवे असलेले पाचवे मिळण्याची शक्यता न दिसलेल्या 46 पानांपैकी 9 असते, परंतु साथीदाराच्या हातात दोन बदाम आहेत हे कळताच ती 44 पैकी 7 होते. त्याहून घातक म्हणजे दोघांनी आळीपाळीने पैजेची रक्कम वाढवत मधल्या प्रामाणिक खेळाडूला डाव सोडायला लावणे. ही उघड लूटच आहे.

2010 मध्ये पोकरस्टार्स या ऑनलाइन पोकर संकेतस्थळावर चीनमधील टोळीने ‘डबल ऑर नथिंग’ स्पर्धांत असेच संगनमत केले. दहांपैकी पाच जण टिकले की प्रत्येकाला दुप्पट रक्कम मिळत असल्याने साथीदारांनी आपसात लढणे टाळले, की काम भागे. इतर खेळाडूंनीच नोंदी तपासून तक्रार केली आणि कंपनीने नुकसानग्रस्तांना भरपाई दिली.

प्रत्येक डावाची नोंद सर्व्हरवर राहते. सतत एकत्र बसणारे, एकमेकांविरुद्ध चांगली पाने असूनही रक्कम न वाढवणारे खेळाडू त्यातूनच उघडे पडतात. म्हणून संशय आल्यास चॅटमध्ये आरोप न करता डावांचे क्रमांक जोडून लेखी तक्रार करावी.