सोलापूरजवळ शेतात मे महिन्यात लग्न आहे, ६०० माणसांसाठी कोणता मंडप घ्यावा?

तुमच्या प्रश्नातली माहिती आधी एकत्र मांडतो. अक्कलकोट रोडला स्वतःचं शेत, मेच्या तिसऱ्या आठवड्यात बहिणीचं लग्न, अक्षता संध्याकाळी, माणसं ६०० च्या आसपास. मंडपवाल्यानं तीन पर्याय दिलेत: बांबू-कापडाचा मंडप, लोखंडी पाइपवर ताडपत्री, किंवा जर्मन हँगर, म्हणजे ॲल्युमिनियमच्या सांगाड्यावर पीव्हीसीचं छत असलेला मोठा मंडप. हँगरचा दर ऐकून तुम्ही थबकलात.

मी सोलापूर भागात मंडप उभारणीच्याच कामात आहे, म्हणून स्पष्ट सांगतो. मे महिना, मोकळं रान आणि संध्याकाळचा मुहूर्त हे तिन्ही एकत्र आले असतील तर हँगर घ्या. पैसे कमी पडत असतील तर फुलं, झुंबरं, एलईडी भिंत यांना कात्री लावा, सांगाड्याला नको. हेच लग्न जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत असतं तर कापडी मंडपच घ्या म्हणालो असतो. तेव्हा हवा कोरडी असते, आभाळ मोकळं असतं आणि कापडाखाली बसायलाही छान वाटतं. मे महिन्यात मात्र आपल्याकडे दुपारी चारनंतर वळीव कधी उठेल याचा नेम नसतो. दिवसभर पानही हलत नाही आणि मग एकदम धुळीचा लोट येतो. पाऊस त्याच्या मागून येतो, मंडपाचं नुकसान वारा आधीच करून गेलेला असतो.

वाऱ्याचा जोर किती असतो याचा अंदाज बहुतेकांना नसतो, म्हणून हिशेब देतो. तुमच्या माणसांना साधारण २० मीटर बाय ३० मीटरचा मंडप लागेल. त्याची लांब बाजू ३० मीटर आणि उंची ४ मीटर धरली तर १२० चौरस मीटरचा पडदा झाला. ताशी ६० किलोमीटरचा वारा त्यावर आदळला की दर चौरस मीटरला सुमारे १७ किलो, म्हणजे एकूण दोन टनांचा रेटा बसतो. वारा दुप्पट झाला तर रेटा चौपट होतो. शिवाय छताला वरून ओढ लागते ती वेगळीच. एकच बाजू उघडी असेल तर वारा आत कोंडतो आणि छत्री उलटी व्हावी तसं छत खालून उचललं जातं.

म्हणून मंडपवाल्याला पहिला प्रश्न विचारायचा तो जमिनीचा: खुंट्या किती लांब, प्रत्येक पायाला किती, आणि माती कुठली? तुमच्या भागात काळी माती असेल तर जास्तच जपा. मेमध्ये ती भेगाळलेली असते, खुंटी ठोकली तरी भेगेत सैल बसते, आणि पहिल्या सरीनंतर तीच माती लोण्यासारखी मऊ पडते. शक्य असेल तर मंडप मुरमाड तुकड्यावर घ्या. नसेल तर तीन फुटांच्या लोखंडी खुंट्या तिरप्या ठोकून घ्या आणि प्रत्येक पायाशी सिमेंटचा ठोकळा किंवा पाण्यानं भरलेलं २०० लिटरचं पिंप बांधायला सांगा. एक पिंप म्हणजे २०० किलो वजन. पाण्याचा टँकर तसाही येणारच आहे. आमच्या धंद्यात काही जण पायाच्या पट्टीला चार भोकं असताना दोनच खुंट्या मारून निघून जातात. उभारणी झाल्यावर स्वतः फिरून भोकं मोजा, यात कुणाचा अपमान नाही.

पाइप-ताडपत्रीच्या मंडपात आणखी एक धोका असतो. उतार कमी असला की पाणी मधे साचतं. एक चौरस मीटरवर १० सेंटीमीटर पाणी म्हणजे १०० किलो, आणि अशी चार-पाच डबकी वर लोंबत असतात. हँगरच्या छताला तीव्र उतार असतो आणि पीव्हीसीचं कापड ताणून बसवलेलं असतं, म्हणून पाणी ओघळून जातं. मधे एकही खांब नसतो, त्यामुळे मागच्या रांगेतल्या आजीलाही स्टेज दिसतं. पाइपचा मंडप घ्यावाच लागला तर उतार वाढवून घ्या आणि वारा सुटला की कनाती ताबडतोब सोडायला माणसं नेमा, म्हणजे वारा आरपार जाईल. हँगरचे बाजूचे पडदे मात्र वादळात सगळे बंद हवेत, एखादीच बाजू उघडी ठेवू नका.

मापाचं असं आहे: खुर्चीवर बसलेल्या माणसाला ये-जा सोडून ८ चौरस फूट धरा, म्हणजे ६०० जणांना ४,८०० झाले. स्टेज, त्यापुढची मोकळी जागा आणि रांगांमधल्या वाटा धरून आकडा ६,५०० च्या जवळ जातो, आणि २० बाय ३० मीटर म्हणजे जवळजवळ तेवढंच. जेवण याच छताखाली घेऊ नका. बाजूला वेगळा मंडप घ्या, एका वेळी २०० जण टेबलावर बसतील असा. स्वयंपाक आणि गॅसच्या टाक्या त्याहून लांब ठेवा.

उष्म्याचं थोडक्यात. मेमध्ये पारा ४२-४३ ला जातो. पीव्हीसीच्या छताखाली आणखी एक कापडी सीलिंग लावा आणि दोन्हींमध्ये हवा खेळेल एवढी जागा सोडा. आपली हवा कोरडी, त्यामुळे कूलर उत्तम काम करतात, पण समोरची बाजू उघडी हवी. पडदे बंद करून कूलर लावले की अर्ध्या तासात सगळे घामेघूम होतात.

आगीबद्दल मी जरा कडक बोलतो. २३ डिसेंबर १९९५ ला हरियाणातल्या डबवालीत शाळेच्या कार्यक्रमात मंडपाला आग लागली आणि ४०० हून अधिक माणसं गेली, त्यांत लहान मुलं किती तरी होती. कृत्रिम कापडाचं छत आणि बाहेर पडायला एकच वाट. तुमच्या मंडपाला समोरासमोरच्या बाजूंना मिळून किमान चार मोठ्या वाटा ठेवा आणि डेकोरेशनवाल्याला त्या पडद्यांनी झाकू देऊ नका. अग्निरोधक कापड असल्याचं नुसतं तोंडी ऐकून घेऊ नका. सीलिंगच्या कापडाची चिंधी मागून मोकळ्या जागेत, पाणी जवळ ठेवून पेटवून बघा. काडी दूर केल्यावर ती विझली पाहिजे, पेटते थेंब गळता कामा नयेत. झालरीच्या कापडाचीही हीच परीक्षा घ्या, ते बहुधा नापास होतं.

विजेच्या वायरी लोखंडी पाइपला गुंडाळू देऊ नका, अर्थिंग आणि ईएलसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) लावून घ्या. २३ जून २०१९ ला राजस्थानात बाडमेरजवळच्या जसोलमध्ये रामकथेचा मंडप वादळात कोसळला, त्यात वीज उतरली आणि किमान १४ जण गेले.

म्हणूनच हँगर असला तरी वादळात माणसं आत ठेवायची नसतात. वाहनं जवळ उभी करा, शेजारी पक्कं घर किंवा गोदाम असेल तर त्याच्या मालकाशी आधीच बोलून ठेवा. घरातल्या एका शांत डोक्याच्या माणसाला, मामा असोत की थोरले दाजी, दुपारपासून एवढंच काम द्या: मोबाइलवर वीज पडण्याचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप आणि हवामान खात्याचे तीन तासांचे इशारे बघत राहायचे. त्यांनी ‘बाहेर चला’ म्हटलं की मंगलाष्टकं थांबवायची, हे भटजींना आणि वरपक्षाला आदल्या दिवशीच सांगून ठेवा. ऐन वेळी मानपान मधे येतो आणि दहा मिनिटं त्यातच जातात.

आणि करारात मंडपवाल्याची दोन माणसं कार्य संपेपर्यंत जागेवर थांबतील, असं लिहून घ्या. रकमेतला काही भाग मंडप उतरवल्यावर द्यायचा ठेवा.